रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे



वस्तीत आरोग्य शिबिर लागले की आमच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. कुणाची सून असते, कुणाची बहीण, कुणाचा तरणाताठा मुलगा. झोप नाही, जेवणात लक्ष नाही, डोके सारखे जड, जरा आवाज झाला की अंगाला कापरे. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन डोक्याचा एमआरआय काढलेला असतो. रिपोर्टवर शब्द असतो नॉर्मल. मग आम्हाला विचारतात, "मशीनमध्ये तर काहीच आलं नाही. मग हिला झालंय तरी काय? नाटक तर करत नाही ना?"

या प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो आणि मग त्यामागची माहिती देतो. मशीनमध्ये काही न दिसणे आणि माणसाला काही न होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आघात आणि नैराश्य यांचा मेंदूवर परिणाम होतो, हे अशाच मशीनच्या मदतीने तीस वर्षे चाललेल्या संशोधनातून पुढे आले आहे. मात्र तो परिणाम शेकडो माणसांची चित्रे एकत्र मोजल्यावर दिसतो. एकट्या माणसाच्या फिल्मवर डॉक्टरला तो डोळ्यांनी दिसत नाही. हा फरक घरात नीट कळला, तर पैसे वाचतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजारी माणसावर खोटेपणाचा शिक्का बसणार नाही.

मशीन नेमके काय पाहते?

डोक्याचे चित्र काढण्याच्या तीन-चार पद्धती आहेत. सीटी स्कॅन क्ष-किरणांवर चालतो. कवटीचे हाड मोडले आहे का, मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे तो काही मिनिटांत सांगतो. अपघाताच्या पेशंटला आधी सीटीला नेतात ते यासाठीच.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. तिथे मोठे चुंबक आणि रेडिओ लहरी वापरतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर असते. त्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत पकडून मशीन चित्र तयार करते. चुंबक फार ताकदीचे असते, म्हणून आत जाण्यापूर्वी दागिने, पिना, घड्याळ, बेल्ट काढायला लावतात. अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर आधी सांगावे लागते. आत ठकठक असा मोठा आवाज येतो, त्याला घाबरायचे कारण नाही. हे तंत्र विकसित केल्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड या शास्त्रज्ञांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटी आणि साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतात. घराच्या नकाशात भिंती कुठे, खोल्या किती, दार कोणत्या बाजूला हे कळते. त्या घरात कोण रडते आहे आणि कोण उपाशी झोपले आहे, हे नकाशावर येत नाही. तसेच हे आहे. दवाखान्यातला एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव, पक्षाघाताची खूण शोधण्यासाठी काढतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे यांपैकी काही सापडले नाही. ही चांगलीच बातमी आहे. पण दुखणे नाही, असा तिचा अर्थ होत नाही.

तिसरी पद्धत आहे फंक्शनल एमआरआय. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवून दिले की ऑक्सिजन असलेले रक्त आणि ऑक्सिजन वापरून झालेले रक्त यांचा चुंबकीय संकेत वेगळा येतो. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. त्यावरून कोणता भाग जास्त कामाला लागला, याचा अंदाज बांधता येतो. चौथी पद्धत पेट स्कॅनची. तिच्यात शिरेतून थोडा किरणोत्सारी पदार्थ देऊन तो मेंदूत कुठे किती पोचतो, हे मोजतात. वर्तमानपत्रात मेंदूचे लाल-पिवळे ठिपक्यांचे चित्र येते, ते बहुधा या दोन पद्धतींपैकी एकीचे असते. तो ठिपका म्हणजे विचाराचा फोटो नव्हे. रक्ताच्या ओघावरून गणित करून काढलेली ती खूण असते.

ओळख करून घेण्यासारखे तीन भाग

पुढचे समजायला मेंदूतल्या तीन भागांची नावे लक्षात ठेवू या.

पहिला अमिग्डला. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढा. ग्रीक भाषेत बदामाला जो शब्द आहे, त्यावरूनच हे नाव पडले. धोका ओळखून शरीराला सावध करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. गल्लीत राखण करणारा कुत्रा समजा.

दुसरा हिप्पोकॅम्पस. तो अमिग्डलाच्या मागेच असतो. काय घडले, कुठे घडले, कधी घडले, याची नोंद ठेवायला तो लागतो. "हे त्या दिवशी झालं होतं, आज नाही" हे कळण्यासाठी ही नोंद हवी.

तिसरा भाग कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. विचार करणे, तोल सावरणे, घाबरलेल्या मनाला आवरणे ही त्याची कामे. कुत्रा उगाच भुंकायला लागला तर त्याला गप्प करणारे घरातले कर्ते माणूस म्हणा.

मोठा आघात झालेल्या माणसात या तिघांचा मेळ बिघडतो, असे संशोधनातून पुन्हा पुन्हा सुचवले गेले आहे. राखणदार सारखा भुंकत राहतो, आवरणारा कमी पडतो, आणि नोंद अशी विस्कटते की जुना प्रसंग आत्ता घडतो आहे असे वाटते. खरा मेंदू अर्थातच इतका सोपा नाही. पण घरातल्या माणसाचे वागणे समजून घ्यायला एवढे पुरेसे आहे.

युद्धावरून परतलेले सैनिक आणि त्यांचे जुळे भाऊ

या संशोधनाचा बराच भाग अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर झाला. युद्ध संपून वर्षे लोटली तरी ते रात्री दचकून उठत, गर्दी टाळत, फटाक्यासारख्या आवाजाने जमिनीवर आडवे होत. आधी त्यांना कुणी भित्रे म्हटले, कुणी दारुडे. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या दुखण्याला नाव दिले. त्याला आज आपण पीटीएसडी म्हणतो. मराठीत आघातोत्तर ताण विकार.

१९९५ साली डॉ. डग्लस ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या २६ माजी सैनिकांचा एमआरआय काढला आणि तुलनेसाठी हा विकार नसलेल्या २२ जणांचा. आजारी सैनिकांचा उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस सरासरी ८ टक्के लहान भरला. ज्यांना मनाने दुबळे म्हटले जात होते, त्यांच्या मेंदूत मोजता येईल असा फरक आहे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

पण इथे एक प्रश्न उरतो. आघातामुळे तो भाग लहान झाला, की आधीच लहान होता म्हणून आघात जास्त लागला? याचा शोध घ्यायला मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी छान युक्ती केली. त्यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या घेतल्या. दोघांपैकी एक भाऊ व्हिएतनामच्या लढाईत गेलेला, दुसरा लढाईत न गेलेला. २००२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या सैनिकांचा पीटीएसडी जास्त तीव्र होता, त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावाचाही लहानच होता. म्हणजे निदान काही फरक आधीपासूनचा असू शकतो. तो जन्मजात असेल किंवा दोघांच्या सारख्याच बालपणातून आलेला असेल.

याचा आपल्याला उपयोग काय? एकाच आगीतून, एकाच दंगलीतून दोन बहिणी वाचतात. एक महिन्याभरात सावरते, दुसरी दोन वर्षांनीही दाराची कडी वाजली की थरथरते. घरचे म्हणतात, "तिचं बघ, ती कशी उभी राहिली." ही तुलना अन्यायाची आहे. एकाच जागी पडून एकाचे हाड मोडते आणि दुसऱ्याचे मोडत नाही. ज्याचे मोडले त्याला आपण आळशी म्हणत नाही, प्लास्टर घालतो.

पीटीएसडी फक्त सैनिकांना होतो असेही नाही. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, जमावाचा हल्ला, आग, पूर, अपघात, भूकंप यांतले काहीही त्याला कारण होऊ शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपातून जे वाचले, त्यांच्यात नंतर रात्री छताखाली झोपायला घाबरणारे कितीतरी होते. ते वेड नव्हते.

वाचा का बसते?

१९९६ साली स्कॉट राउच आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या आठ जणांना पेट स्कॅनमध्ये झोपवले आणि त्यांच्याच आघाताची हकीकत त्यांना ऐकवली. ऐकताना अमिग्डला आणि त्याच्या आसपासच्या भागांत रक्ताचा ओघ वाढला. दृश्ये पाहण्याशी संबंधित भागातही वाढला. पण मेंदूच्या डाव्या बाजूचा ब्रोका नावाचा भाग, जो शब्द जुळवून बोलण्यासाठी लागतो, तिथला ओघ कमी झाला.

आठ माणसांवरून सगळ्या जगाविषयी बोलता येत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. तरी वॉर्डात काम करताना जे आम्ही कितीदा पाहिले, त्याच्याशी हे जुळते. अत्याचार झालेली मुलगी समोर बसलेली असते. आई, काकू, पोलीस, डॉक्टर सगळे म्हणतात, "सांग ना, काय झालं ते नीट सांग." तिच्या डोळ्यांपुढे सगळे चालू असते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे. आपण म्हणतो, तिची वाचाच बसली. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. हकीकत तुटक सांगणे, मागचे पुढे होणे, हेही खोटेपणाचे लक्षण नव्हे. अशा वेळी पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. जवळ बसा, पाणी द्या, ती सुरक्षित आहे हे सांगा. बोलेल तेव्हा ऐका.

नैराश्यात काय दिसले?

नैराश्य म्हणजे दोन दिवसांची उदासी नव्हे. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, त्याबरोबर झोप-भूक बिघडणे, थकवा, मी निकामी आहे असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांतली बरीच लक्षणे एकत्र असली की तो आजार समजावा. आपल्याकडे बाया "मन उदास आहे" असे क्वचितच म्हणतात. "डोकं जड आहे", "अंगात त्राण नाही", "छातीत धडधडतं", "जीव घाबरतो" असेच सांगतात. दुखणे तेच असू शकते.

नैराश्यातही हिप्पोकॅम्पसवरच बरेच लक्ष गेले. अमेरिकेतील डॉ. इव्हेट शेलाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली, नैराश्य पुन्हा पुन्हा येऊन गेलेल्या ३८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यातले जितके दिवस नैराश्य उपचाराविना गेले, तितका हिप्पोकॅम्पस लहान आढळला. औषध चालू असतानाच्या नैराश्याच्या दिवसांशी मात्र असा संबंध दिसला नाही. हा अभ्यास छोटा आहे आणि कारण-परिणाम तो पक्का सिद्ध करत नाही. पण "बघू, होईल आपोआप बरं" म्हणत वर्षे घालवू नयेत, एवढे तो नक्की सुचवतो.

पुढे अनेक देशांतल्या संशोधकांनी आपापल्याकडची चित्रे एकत्र केली. या प्रकल्पाचे नाव एनिग्मा. नैराश्याविषयीच्या त्यांच्या २०१६ सालच्या अहवालात १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसे होती. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान निघाला. किती लहान? सुमारे १.२४ टक्के. ज्यांना नैराश्य वारंवार आले किंवा २१ वर्षांच्या आतच सुरू झाले, त्यांच्यात फरक जास्त ठळक होता. पीटीएसडीबाबत अशीच एकत्र मोजणी २०१८ साली आली. त्यात १,८६८ माणसे होती आणि तिथेही हिप्पोकॅम्पस थोडा लहान आढळला.

मग आपल्या फिल्मवर का दिसत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फरक खरा आहे, पण तो फार लहान आहे आणि सरासरीचा आहे. समजा, दोन गावांतल्या सगळ्या माणसांची उंची मोजली आणि एका गावाची सरासरी बोटभर कमी भरली. हा फरक खरा. पण रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाची उंची पाहून तो कोणत्या गावचा, हे सांगता येईल का? नाही. दोन्ही गावांत उंच माणसे आहेत आणि बुटकीही आहेत. निरोगी आणि नैराश्यग्रस्त माणसांच्या मेंदूचे अगदी तसेच आहे.

२०२२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हेच आकड्यांत मांडले. त्यांनी ८६१ नैराश्यग्रस्त आणि ९४८ निरोगी माणसांची वेगवेगळ्या प्रकारची मेंदूचित्रे तपासली. सगळ्यांत जास्त फरक दाखवणारी मापे निवडली तरी दोन्ही गट एकमेकांवर ८७ ते ९५ टक्के पडत होते. त्या मापांवरून कोण आजारी, हे ओळखायला घेतले तर अंदाज शंभरात ५४ ते ५६ वेळा बरोबर येत होता. नाणे उडवून छापा-काटा केला तरी पन्नास वेळा बरोबर येतोच.

रंगीत चित्रांबाबत आणखी एक मजेशीर पण शिकण्यासारखी गोष्ट आहे. २००९ साली क्रेग बेनेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बाजारातला मेलेला सामन मासा फंक्शनल एमआरआयमध्ये ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. गणितातली आवश्यक दुरुस्ती न करता निकाल काढला, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही काम चालू असल्याचे ठिपके दिसले. दुरुस्ती केल्यावर ते गेले. मशीन वाईट आहे, असे त्यांना म्हणायचे नव्हते. हजारो ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केले की काही ठिकाणी योगायोगाने खोटा इशारा येतोच, तो गाळावा लागतो, हे त्यांना दाखवायचे होते. म्हणून कुणी रंगीत चित्र पुढे धरून "हे बघा तुमचं टेन्शन" म्हणून महागडे पॅकेज विकू लागले, तर मेलेला मासा आठवा.

नैराश्याचे आणि पीटीएसडीचे निदान आजही बोलून, ऐकून, विचारून होते. चांगला डॉक्टर एमआरआय न सांगता अर्धा तास बोलत बसला, तर त्याने तपासणी कमी केली असे समजू नका. तीच तपासणी आहे.

अपमानाची नोंद

आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे दोन अभ्यास अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवर झाले आहेत.

अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठातील नेगार फानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली, आयुष्यात आघात सोसलेल्या ५५ कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्णामुळे अपमान आणि भेदभाव ज्यांनी जास्त सोसला होता, त्यांना धोक्याची चित्रे दाखवल्यावर मेंदूच्या सावधगिरीशी आणि मन आवरण्याशी संबंधित भागांत जास्त हालचाल दिसली. इतर आघात आणि पीटीएसडीची लक्षणे हिशेबात घेऊनही हा फरक उरला. म्हणजे कायम सावध राहणे, मनाला कायम आवर घालणे, हे ओझे मेंदूला वाहावे लागते.

दुसरा अभ्यास २०२३ सालचा. त्यात नऊ-दहा वर्षांच्या ७,३५० गोऱ्या आणि १,७८६ कृष्णवर्णीय मुलांची मेंदूचित्रे होती. कृष्णवर्णीय मुलांत अमिग्डला, हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचे काही भाग सरासरीने किंचित लहान आढळले. असा निष्कर्ष चुकीच्या हातात पडला तर काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. "त्यांची डोकीच तशी" हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकलेला समाज आहोत आपण. म्हणून पुढचे नीट वाचा. त्या मुलांच्या घरचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण, वस्तीची हलाखी, घरातले तंटे, सोसलेले आघात हे सगळे संशोधकांनी मोजले. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला ही संकटे कितीतरी जास्त आली होती. ती हिशेबात घेतल्यावर मेंदूतले फरक कमी झाले. सर्वांत जास्त ठिकाणी संबंध दिसला तो घरच्या उत्पन्नाशी. फरकाचे मूळ वंशात नाही, लहान वयात सोसाव्या लागलेल्या विषम परिस्थितीत आहे, असाच संशोधकांनी अर्थ लावला.

हे अभ्यास परदेशातले, तिथल्या माणसांचे. पण त्यांतला मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. लेकराच्या मेंदूची वाढ घरातली शांतता, पोटभर जेवण, सुरक्षित रस्ता आणि शाळेतला मान यांवरही अवलंबून असते. या मागण्या राजकारणाच्या आहेत तितक्याच आरोग्याच्या आहेत.

मेंदू बदलू शकतो

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, एकदा नुकसान झाले की संपले. तसे नाही.

२०११ साली अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वयस्क माणसांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत, भरभर चालण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता. दुसऱ्या गटाचा वयानुसार थोडा घटला होता. ही माणसे नैराश्याची रुग्ण नव्हती, म्हणून चालले की नैराश्य जाते असा अर्थ काढू नये. पण उतारवयातही मेंदूचा हा भाग वाढू शकतो, हे त्यातून कळले.

उपचारांचा गुण तर त्याहून पक्का माहीत आहे. नैराश्यासाठी बोलण्याचे उपचार आणि औषधे दोन्ही उपयोगी पडतात. पीटीएसडीसाठी, प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने, सुरक्षित वातावरणात, हळूहळू त्या आठवणीला सामोरे जाण्याचे उपचार आहेत आणि ते गुणकारी ठरले आहेत.

मग करायचे काय?

पहिले, एमआरआय कधी लागतो ते ओळखा. आयुष्यात पहिल्यांदाच फिट येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, डोक्याला मार लागणे, अचानक भयंकर डोकेदुखी आणि उलट्या, दिसणे कमी होणे, म्हाताऱ्या माणसाचे वागणे एकाएकी बदलणे. अशा वेळी वाट पाहू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. स्कॅनचा निर्णय डॉक्टर घेतील. नुसती उदासी, भीती, झोप न येणे यासाठी आपल्या मनाने एमआरआय काढायला जाऊ नका. त्याऐवजी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि डॉक्टरांनी सांगितल्यास बी-१२ तपासून घ्या. यांच्या कमी-जास्तीनेही थकवा आणि उदासी येते.

दुसरे, उपचार सरकारी दवाखान्यात मिळतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांतही असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. उपकार नव्हे.

तिसरे, गोळ्यांविषयी. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. तरुण मुलामुलींवर या काळात जास्त लक्ष ठेवा. बरे वाटले म्हणून एकदम गोळ्या बंद करू नका. बरे वाटू लागल्यावरही बहुधा निदान सहा महिने त्या घ्याव्या लागतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. झोपेच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्यांची सवय लागते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन् महिने घेऊ नका.

चौथे, मोठा प्रसंग घडल्यावर पहिला महिना दचकणे, रडणे, झोप उडणे हे बहुतेकांना होते आणि आधार मिळाला तर कमी होत जाते. महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहत असेल, स्वप्ने पडत असतील, माणूस ती जागा, तो रस्ता, त्या आठवणी टाळत असेल, सारखा सावध आणि चिडका झाला असेल, कामधंदा सुटला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

पाचवे आणि सर्वांत तातडीचे. कुणी "मला जगायचं नाही" म्हणाले तर ते नाटक समजू नका. शांतपणे सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटे सोडू नका. उंदराचे औषध, फिनेल, रॉकेल, गोळ्यांचा साठा दूर ठेवा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. कुणी काही करून घेतले असेल तर १०८ ला फोन करा. पोलीस केस होईल या भीतीने लपवाछपवी करू नका. २०१७ च्याच कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

२०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण चित्र सगळीकडचेच आहे. नैराश्य असलेल्या शंभरातल्या जवळजवळ ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. या ८५ जणांपैकी काही आपल्याच गल्लीत राहतात. कुणी "बाहेरचं झालंय" म्हणून फिरवले जात आहे, कुणाला कामचुकार म्हटले जात आहे, आणि कुणाच्या उशाखाली नॉर्मल रिपोर्टची फाइल आहे.

महिला मंडळाच्या, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा. ज्या घरात असे कुणी आहे, तिथे दोघी-तिघींनी जा. उपदेश करू नका. "आपण ओपीडीला बरोबर जाऊ, मी येते सोबत" एवढेच म्हणा. पहिल्या खेपेला सोबत कुणी असले, की दुसरी खेप माणूस बहुतेक वेळा स्वतः करतो.